करमाळकरांनी घर सोडलं

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
१२ ऑगस्ट २००६

प्रिय पप्पा,

घर मिळालं! भाड्याचंच, पण अख्खं, आणि त्यात तुमची खोली वेगळी. ऑक्टोबरात तुम्ही येणार म्हटल्यावर दोन मैत्रिणींबरोबर एका बाथरूमवर भांडत राहणं शक्यच नव्हतं. तुम्ही पहाटे उठून खाकरणार आणि त्या बिचाऱ्या घाबरून पोलीस बोलावणार. स्टेशनपासून थोडा चढ आहे, पण तुमच्या गुडघ्यांनी अजून पर्वती सोडलेली नाही, तेव्हा तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. तुमची खिडकी उत्तरेला आहे. नाक मुरडू नका, इथं ऊन उत्तरेकडूनच येतं आणि दक्षिणेकडच्या खोल्या ओल धरतात. आत शिरल्या शिरल्या मी तुमच्यासारखी सगळी बटणं दाबून पाहिली. आपल्यासारखीच खाली दाबली की चालू होतात.

तुम्हाला वाटेल, पोरीला झटक्यात मिळालं. कसलं झटक्यात! इथं घर बघायला शनिवारी ठरल्या वेळी जायचं, तर आपल्याआधी रांग लागलेली. बूट काढून गुपचूप आत हिंडायचं, अर्ज भरायचा आणि फोनची वाट बघायची. तीनदा माती खाल्ली. मग इथल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला भेटलेले चंद्रहासकाका आठवले. ते पुण्याचे, इथं येऊन वीस वर्षं झाली. त्यांच्या घराचा खालचा मजला रिकामा होता. मृदुलाकाकूंनी पोहे केले, वर खोबरंसुद्धा. त्यांचा मुलगा अक्षत मराठी सगळं समजून इंग्रजीत उत्तरं देत होता. घर इतकं छान, की पडदे कोणते लावायचे तेही मी मनात ठरवून टाकलं.

आणि मग काकांनी सुरुवात केली. बनसोडे म्हणजे कुठले? म्हटलं, करमाळ्याचे. हो का, पण मूळ कुठले? मूळचेही करमाळ्याचेच. बरं, कुलदैवत कोणतं? पप्पा, शप्पथ सांगते, ‘खंडोबा’ अगदी ओठांवर आला होता. तुम्ही घोटून घेतलेलं उत्तर ते, विसरेन कशी! पुण्यातल्या प्रत्येक नव्या खोलीत शिरण्याआधी तुम्ही मला जिन्याखाली उभं करून उजळणी घ्यायचात. नाव काय? मनाली करमाळकर. कुलदैवत? जेजुरीचा खंडोबा. शाळेत बनसोडे आणि घरी करमाळकर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच मुलांना दोन आडनावं असतात.

एकदाच घोटाळा झाला. गावाहून रमणमामा आला आणि त्यानं खालूनच ‘जयभीम दाजी!’ अशी आरोळी ठोकली. मालकीणबाई जिन्यात उभ्याच होत्या. त्याच आठवड्यात आपल्या नळाचं पाणी गेलं आणि त्यांच्या भाच्याला एकदम खोलीची गरज पडली. सामान टेम्पोत चढवताना आई मामाला रागावली नाही, उलट त्याला जास्तीची भाकरी वाढली. तुम्ही मात्र त्याच्याशी बरेच दिवस धड बोलला नाहीत. तेव्हा मला तुमचा राग यायचा. आज येत नाही. दोन पोटं आणि एक शाळकरी पोर घेऊन ऐन पावसाळ्यात खोली शोधणाऱ्या माणसानं आणखी काय करायचं होतं?

तर काकांना मी सांगितलं, ‘आम्ही बौद्ध आहोत.’ काका म्हणाले, अरे वा, छान, आम्ही तसलं काही मानत नाही हं. मी कुठं विचारलं होतं! दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. घर तुझंच, वडिलांनाही आण, फक्त दारावर नावाची पाटीबिटी लावू नकोस, आमच्याकडे सणावारी लोक येतात. किती गोड आवाजात सांगितलं म्हणून सांगू! मी म्हटलं, काकू, पोहे फार सुंदर झाले होते, पण मी आधी पाटी लावणार आणि मग सामान आणणार, तेव्हा राहू द्या. फोन ठेवला आणि मी भूक लागल्यासारखी दोन वाट्या भात खाल्ला.

आताच्या घराची मालकीण, जून नावाची बाई, पलीकडेच राहते. गोरी म्हणजे देवी नव्हे हं. ‘तुमच्या मसाल्याचा वास भिंतींना बसतो’ असं तिनं तोंडावर ऐकवलं. मीही म्हटलं, तुमच्या कुत्र्याचा आधीच बसलाय. ती खो खो हसली आणि किल्ली दिली. पहिल्याच दिवशी मी दाराशेजारी ड्रिल लावलं. इथं भाडेकरूनं न विचारता भिंतीला भोक पाडायचं नसतं, आणि घरावर नावं तर कुणीच लावत नाही, पोस्टमनला नंबर पुरतो. जून तरातरा आली. हे काय, म्हणाली. म्हटलं, वडिलांचं नाव. तिनं पाटी बराच वेळ न्याहाळली. जाताना भोकं बुजवून दे, म्हणाली, आणि वर ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, म्हणून बागेत निघून गेली. पाटी थोडी तिरकी बसली आहे. तुम्हाला राहवणार नाही, पण हात लावायचा नाही.

आता खरं कारण. परवा फोनवर तुम्ही आवाज खाली करून विचारलंत, ‘मनू, तिथं आपली माणसं नाव विचारतील, तर काय सांगू? आपल्या दोघांचं जुळायला पाहिजे.’ मी ‘लाइन खराब आहे’ म्हणून फोन ठेवला. तुम्ही जन्मभर टेलिफोन खात्यात काढलेला माणूस, लाइन खणखणीत होती हे तुम्हाला कळलंच असेल. मला रडू फुटलं होतं. साडेसात हजार मैलांवर लेकीच्या घरी येतानाही माझा बाप जिन्याखाली उजळणी करतोय, हे मला सोसवलं नाही. म्हणून लिहिते आहे. पप्पा, जुळवायचं काही नाही. पाटीवर वर सुखदेव बनसोडे, खाली मनाली बनसोडे. कुणीही विचारलं तरी तेच सांगायचं. सुरुवात जूनपासून करा. तिला ऐकायला कमी येतं, तेव्हा जरा मोठ्यानंच सांगावं लागेल.

वाट बघणारी, तुमचीच
मनू