मूळ फाइल

३ नोव्हेंबर
नोकरी पक्की. इथले केळीचे दलाल चुनीलालभाई, त्यांनी आज स्वतः सांगितलं. ब्राह्मणपुरीच्या बागांमधल्या केळीचे फोटो काढायचे आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे. नवऱ्याच्या, धीरजच्या घरातून निघाले तेव्हा हाताला फक्त कॅमेरा लागला होता. तोच कामाला आला. खोली तापीबाईंकडे मिळाली. कॅमेरा बघताच त्या पदर सारखा करून अंगणात उभ्या राहिल्या. ‘मन्हा बी एक फोटो काढ ना वं!’ किती महिन्यांनी हसले. फोन नंबर नवा, गाव नवं. धीरजला आता मी सापडायची नाही.

७ नोव्हेंबर
इथली एक पद्धत आहे. साधा फोटो पाठवला की व्यापारी ओरडतात. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइलच हवी, कारण फोटो कुठे काढला ते तिच्यात राहतं. ‘गाडी सीधी बांधवर येस!’ चुनीलालभाई कौतुकाने सांगतात. तेच फोटो ते वेबसाइटवरही चढवतात.

१२ नोव्हेंबर
फाइलमधली माहिती आज पहिल्यांदा उघडली. जागा, वेळ, कॅमेऱ्याचा नंबर. मालक: धीरज. त्याचा स्टुडिओ आहे. कॅमेरा घेतला तेव्हाच त्याने नाव भरलं असणार. म्हणजे केळीच्या प्रत्येक घडाबरोबर मी त्याचं नाव आणि माझा पत्ता वाटत होते. दोन्ही बंद केलं. त्याने नेटवर स्वतःचं नाव शोधलं तरी सापडतील, वेबसाइटवरचे जुने फोटो काढा म्हटलं, तर चुनीलालभाई हसले, केळी बघून कोण काय करणार? पुन्हा सांगितलं तर चिडले.

१५ नोव्हेंबर
ग्रुपवर नवा व्यापारी आलाय, बिननावाचा. त्याने मला एक फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. मी टिपलेलीच बाग, पण घड कापून नेल्यानंतरची. माहिती उघडली. मालक: धीरज. शीर्षक: प्रतिभा, घरी चल.
त्याला ग्रुपमधून काढा म्हटलं. चुनीलालभाई म्हणे, गिऱ्हाईक कसं काढू?

१६ नोव्हेंबर
ठाण्यात गेले. हवालदाराने फोन आडवा-उभा करून पाहिला. ‘यामां तर नुसत्या केळी शेतस, ताई. तक्रार काय केळीसवर लिखू?’ शीर्षक दाखवलं. हे कोणीही लिहील म्हणाला. कुणाला कसं समजावू?

१८ नोव्हेंबर
आणखी फोटो. आमची गल्ली. मग हे अंगण, दोरीवर माझी ओढणी. भर दुपारचं ऊन. तापीबाई म्हणतात, एक केळीवाला आला होता, भला माणूस — चहा पाजला त्याला —

१९ नोव्हेंबर
अंगणाचा फोटो बघून चुनीलालभाई आता घाबरलेत. मला बागेतल्या पंपाच्या खोलीत बसवलंय. शहाद्याला पोहोचवायला गाडी मागवतो म्हणाले.

मागवली. ग्रुपवर. स्वतःच्या फोनने खोलीचा फोटो काढून, सवयीने, मूळ फाइल — जवळ असेल त्याने या —

धीरजला ग्रुपमधून काढायचं राहिलंच होतं. मी ओरडले. त्यांनी फोटो पुसला. पण बघणाऱ्यांत तो पहिला —

दार बाहेरून लावलंय. माझ्या भल्यासाठी म्हणे.

खिडकीतून दिसतेय, बांधावर गाडी. कुणाची ते — चुनीलालभाई हात हलवून बोलावताहेत तिला, इकडे, इक—