वकिलाचं काम

कामरगाव, रविवार, जानेवारी १९५६

आज शाळेत आमचं नाटक झालं. इंग्रजांच्या काळातला खटला. विहिरीला शिवला म्हणून एका महाराला मारलं, त्याचा. गुरुजींनी मला आधी मार खाणाऱ्याचंच काम दिलं होतं. मी म्हटलं, "मार खानं मले शिका लागत नाही, गुरुजी. मले वकील करा." मग त्यांनी आपला काळा कोट आणून दिला. ढगळच होता, पण बोलताना माझा आवाज एकदाही कापला नाही. कोटाचं एवढं काय? तरी अजून अंगावरून काढवत नाही.

गावात काही असलं की आई लांब, कडेला बसते. आज मी बोलायला लागलो तशी ती उठली आणि पहिल्या रांगेत येऊन बसली. तिला कोणीच उठ म्हटलं नाही.