बत्ती तुमची, पाय माझा

आर्णी, ता. ४ मे

आदरणीय सदाशिवभाऊ यांसी,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे बळीरामचा, दोन्ही हात जोडून रामराम. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? ढाणकीचा बाजार हळदीने भरला असेल आणि तुम्हाला जेवायलाही फुरसत नसेल, हे मी जाणतो. इकडे सर्व क्षेम आहे. नंदाची तब्येत उत्तम आहे. माझ्याशी बोलताना तेवढा तिचा आवाज बसतो, शेजारच्या इंदुताईंशी बोलताना आपोआप उघडतो.

हातात फोन असताना हा माणूस पत्र कायले लिहून राह्यला, असं तुम्हाला वाटेल. भाऊ, मी फोन करून थकलो. एकदा तुमच्याकडून उत्तर आलं की भाऊ घरी नाहीत, शेतात गेले आहेत. तो आवाज तुमचाच होता. मी फोन ठेवून दिला, कारण तुम्ही वयाने मोठे आहात आणि तुमचा राग खरा आहे. तेव्हा म्हटलं, पत्र लिहावं. पत्र मधेच कापता येत नाही (फाडता येतं, पण निदान अर्धं वाचून फाडा).

आता गाडीचं सांगतो. तुम्ही मोठी गाडी घेतली आणि तुमची ही पांढरी लहान गाडी मला प्रेमाने देऊन टाकली, तेव्हा मला किती आनंद झाला हे मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. बत्तीस वर्षं बस चालवली, पण स्वतःच्या दाराशी चार चाकं कधी नव्हती. रिटायर झाल्यावर ती आली. पहिल्या पंधरवड्यातच मागची ब्रेकची लाल बत्ती गेली. आपल्या चौकातल्या संघदीप मेकॅनिककडे गेलो. त्याने बल्ब बदलला. आठ दिवसांनी पुन्हा गेली. त्याने दुसरा टाकला, तोही गेला. मग त्याने फ्यूज पाहिला, वायर पाहिली, ब्रेकच्या पायडलखालचा स्विच बदलला. बत्ती पेटायची, आठवडाभर इमानाने राहायची आणि मग बुबुळ पांढरं करायची.

संघदीप म्हणाला, "काका, गाडी कापसाच्या खोलीजवळ लावता, उंदरं वायर खात असतील." मी गाडीत डांबराच्या गोळ्या टाकल्या. उंदरांचं माहीत नाही, पण त्यानंतर गाडीत कोणी पाहुणा बसेनासा झाला. रोज सकाळी मी पायडल दाबायचो आणि नंदा मागे उभी राहून बत्ती बघायची. "दाबा. सोडा. दाबा म्हणते ना. आता काहून सोडली?" हे रोज सकाळी सात वाजता गल्लीत ऐकू जायचं. इंदुताईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, की या वयात तुमचं असं काय चाललं आहे.

मी मनात धरून बसलो की गाडीच मुळात बिघडलेली आहे. मी बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर. एक अपघात नाही, एक तक्रार नाही. मग दोष कोणाचा? गाडीचा. आणि गाडी कोणाची? तुमची.

त्या रागात मी तुमच्या लेकीच्या, सुरभीच्या साखरपुड्याला ढाणकीला आलो. जेवणाच्या पंगतीत नवऱ्या मुलाच्या काकांनी सहज विचारलं, "गाडी कशी काय चालते?" मी मठ्ठ्याचा पेला खाली ठेवून म्हणालो, "भाऊनं आजवर मले दोनच गोष्टी देल्ल्या, अन् दोन्हीचा भरोसा नाही."

भाऊ, मला गाडी आणि तिच्याबरोबर दिलेली बॅटरी म्हणायचं होतं. बॅटरी तुम्ही नवी बसवून दिली होती, तीही मधेमधे रुसायची. पण त्या वेळी नंदा माझ्या शेजारी जिलबी वाढत उभी होती. अख्खी पंगत आधी माझ्याकडे आणि मग तिच्याकडे पाहायला लागली. नवऱ्याकडची माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, तो मी पाहिला, आणि तरी बॅटरीचा खुलासा केला नाही. लोक हसत होते, मला बरं वाटत होतं. हे लिहायला फार जड जात आहे, पण तसंच झालं.

घरी आल्यावर नंदा एवढंच म्हणाली, "मले काय बोलायचं ते घरी बोला. माह्या भावाच्या मांडवात नाही."

पुढचं ऐका. महिनाभराने बत्ती पुन्हा बिघडली. दिग्रसला एक चांगला इलेक्ट्रिशियन आहे असं कळलं, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास आम्ही निघालो. नंदा मुद्दाम मागच्या सीटवर बसली. संघदीपने आदल्याच दिवशी नवीन बल्ब टाकले होते, म्हणून मी निर्धास्त होतो. आर्णी सोडल्यावर मागे बस लागली. आरशात पाहतो तर आमच्याच आगाराची. मला अभिमान वाटला. रस्ता अरुंद, वळणं पुष्कळ, त्यामुळे ती काही पुढे जाईना, मागेमागेच येत राहिली. इतक्यात एका वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला आणि मी ब्रेक मारला.

मागे असा आवाज झाला की मला वाटलं, आता बस आमच्यासकट दिग्रसला पोचते. पण ती थांबली. तिचं तोंड आणि आमची डिक्की यांच्यामध्ये एक बकरी मावेल एवढीच जागा होती, आणि खरोखरच एक बकरी तिथे येऊन उभी राहिली. मी रागाने खाली उतरलो. वरून ड्रायव्हर उतरला, तर तो भावसिंग. तुम्हाला आठवत नसेल, हा माझ्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता त्याच्या मिशाही पिकल्या. मला पाहून तो जागच्या जागी थांबला.

मी म्हणालो, "भावसिंग, बत्ती दिसली नाही का तुले?"

तो खाली मान घालून म्हणाला, "दिसली ना उस्ताद. आर्णीपासून दिसूनच राह्यली."

"म्हणजे?"

"म्हणजे ते इझलीच नाही. आर्णीपासून लाल ते लालच. मले वाटलं, गाडीची बत्ती अटकली असंन. मंग तुम्ही खरोखर ब्रेक मारला, ते मले कसं समजावं?"

मी म्हणालो, स्विच खराब असेल. तो आणखी खाली मान घालून म्हणाला, "उस्ताद, चढावावर तुम्ही गेअर टाकला का एकेकदा इझे, अन् मंग पुन्हा जळे. स्विच खराब असता तं इझली नसती."

एवढ्यात बसमधून एक म्हातारी उतरली. तिचं नाव तुळसाबाई. बस थांबली तेव्हा तिचं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलं होतं. चांगलं लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं आणि थोडं रक्तही होतं. भाऊ, बत्तीस वर्षांत माझ्या गाडीमुळे कोणाच्या अंगावर ओरखडा आला नव्हता. नंदाने तिला सावलीत बसवलं, पदर ओला करून कपाळावर धरला. मी हात जोडून म्हणालो, "माय, माह्या गाडीत बस, तुले दवाखान्यात नेतो."

तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी बसमंदीच बरी," ती म्हणाली. "बाबू, तू गाडी चालवतं का तिले आवरून धरतं?"

बस निघून गेली. आम्ही तिच्या मागोमाग दिग्रसला गेलो, दवाखान्यात तुळसाबाईजवळ बसलो, डॉक्टरांनी दोन टाके घातले आणि काळजीचं कारण नाही म्हणाले. (नंतर दोनदा तिच्या घरी जाऊन आलो. टाके निघाले आहेत. मला चहा देते, पण गाडी अंगणात लावू देत नाही.)

परत येताना मी पहिल्यांदा स्वतःच्या पायाकडे लक्ष दिलं. डावा पाय ब्रेकवरच होता. उचलला, की थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. म्हणजे एक पाय गाडी पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा सारखा तिला थोपवून धरत होता, आणि बिचारी बत्ती उन्हातान्हात तासन्‌तास जळून जळून मरत होती. संघदीपने चाक खोलून दाखवलं. ब्रेकचे पॅड झिजून बिस्किटाएवढे राहिले होते आणि बल्बची बैठक उष्णतेने वितळली होती. मी विचारलं, तुले हे आधी नाही समजलं? तो म्हणाला, "समजलं होतं काका. पण बत्तीस वर्सांच्या ड्रायव्हरले कसं इचारू, का पाय कुठं ठेवता?"

भाऊ, खरं कारण मी नंदालाही त्याच रात्री जेवताना सांगितलं, तुम्हालाही सांगतो. मला त्या गाडीत भीती वाटते. बसमध्ये मी उंच बसायचो. सगळा रस्ता, सगळी माणसं खाली दिसायची. या लहान गाडीत बसलो की ट्रकचं चाक माझ्या कानाजवळून जातं, म्हैससुद्धा वरून बघते. बत्तीस वर्षांच्या ड्रायव्हरने हे कोणाला सांगावं? म्हणून मी गाडीला नावं ठेवली, आणि गाडीच्या आडून तुम्हाला, आणि तुमच्या आडून नंदाला.

मला वाटलं नंदा हसेल. ती हसली नाही. पानात भाकरी वाढली आणि म्हणाली, "मंग मी चालवते." मी विचारलं, तुला काय येतं? तेव्हा कळलं की लग्नाआधी तुम्ही तिला चोरून ट्रॅक्टर शिकवला होता आणि ती तीन एकर वखरून यायची. चौतीस वर्षं संसार केला, मला पत्ता नाही. तुम्हीही कधी बोलला नाहीत. आता तिने शिकाऊ लायसन काढलं आहे. कायद्याप्रमाणे लायसनवाला माणूस शेजारी लागतो, तो मी. माझ्या बाजूला पायडल नाही, तरी मी इतका दाबतो की पायाखालची मॅट फाटली.

तेव्हा भाऊ, तुम्ही दिलेली गाडी चांगली होती. बहीण तर तुम्ही जे दिलं त्यात सगळ्यात चांगली. हे मी पंगतीत बोलायला पाहिजे होतं. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर बोलेन, नवऱ्या मुलाच्या काकांना आधी शोधून. वहिनींना नमस्कार, सुरभीला पोटभर आशीर्वाद.

आपला,
बळीराम

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण वर राहून गेलं. सुरभीची लग्नपत्रिका इंदुताईंच्या घरी आली, आमच्या घरी आली नाही. नंदाने ती त्यांच्याकडून मागून आणून वाचली. तिचं नाव छापलेलं आहे (तिच्या नावामध्ये तेवढा मी आहे). लुगडं काढून ठेवलं आहे, पण म्हणते, माहेर असलं तरी बोलावल्याशिवाय जायची नाही. मला बोलवावंसं नाही वाटलं तर नका बोलावू, मी मांडवाबाहेर गाडीत बसेन. पण एक पत्रिका तिच्या नावाने पाठवा. पोस्टाने नको, तुम्ही स्वतः या. ती तुमच्यासाठी रोज दाराकडे पाहते आणि मी विचारलं की म्हणते, मांजर पाहून राह्यली.

ता. क. २ – पाकीट बंद करणार तेवढ्यात नंदाने मला गाडीने बाजारात नेऊन आणलं. बत्ती पुन्हा गेली आहे. गाडी नंदा चालवत होती आणि तिचा पाय, मी शेजारी बसून डोळ्याने पाहिला, ब्रेकवर नव्हता. वरची माफी मी मागे घेत नाही. फक्त याल तेव्हा तुम्हीच जरा गाडीखाली वाकून बघा.