तुमच्याकडची पाचर

भाऊजी,

तुम्हाला शोधायला गिरणीकडे पळतेय. वाटेत चुकामूक झालीच तर, म्हणून ही चिठ्ठी तुमच्या दाराखाली सरकवली. आलात की तसेच मागच्या लाकडाच्या शेडमध्ये जा.

यांची बोटं ओंडक्यात अडकलीत. फटीतली ढलपी काढायला हात घातला, तोच पाचर उसळून बाहेर पडली आणि फट मिटली. वाटणीत आमच्याकडे आली ती जाड लाकडी पाचर, ती आता आत शिरतच नाही. पहार घालून पाहिली, ओंडका ढिम्म हलत नाही. कुऱ्हाड घालू कशी, हात आत आहे. पातळ लोखंडी पाचर तुमच्याकडे. तुमच्या खोलीला कुलूप आहे, नाहीतर मीच घेतली असती.

हे म्हणाले, "त्याला बोलावू नकोस." मी ऐकलं नाही.

दोघा भावांत मीच पाचर मारली, असं तुम्ही गावभर सांगता. खुशाल सांगा, मारली म्हणा. पण आज तुमच्याकडची घेऊन धावा हो. मघाशी ओरडत होते, आता तेही थांबलंय.

बोलायचं नसेल तर बोलू नका त्यांच्याशी. नुसता घाव घाला.

वहिनी