आज्जा, तुझी साखर चांगलीच हुती!

प्रिय आज्जा,

तू जाऊन चार म्हयनं झालं. पत्र आज लिहितोय, कारण सकाळपासनं माझं डोस्कंच चालंना. तुझ्या साखरेत हाडाबिडाचं काय न्हाई रे!

गणेशगुडीच्या लॉजवर मी आता चहा करतो. आज एक ताई आल्या. मांस सोडाच, दूध-मधबी खात न्हाईत. म्हनल्या, "काळा चहा, साखर दोन चमचे."

मी आपला हसत म्हनलं, "ताई, साखर हाडाच्या कोळशानं पांढरी करत्यात. चालतीय?"

"ते बाहेरच्या काही देशांत. मी चौकशी केलीय. आपल्याकडं बहुतेक चुना आणि गंधक वापरतात. टाक दोन चमचे."

मी दोनाच्या जागी चार चमचे टाकलं!

आठवतंय? तू माळकरी, आन् चहात चार चमचे साखर! मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ बघून मी म्हनलं, "आज्जा, आपल्या साखरेतबी हाडं असत्यात." फकस्त तुझं तोंड बघायला! तू कप खाली ठेवलास. "व्हय रं?" एवढंच. मी पोट धरून हसलो. संध्याकाळी खरं सांगीन म्हनलं, तर तू साखरेचा डबाच शेजारी देऊन आलतास. मग जीभच उचलंना.

पुढं अक्काचा साखरपुडा. गुंद गावचं तिचं सासरचं सोयरं चिमूटभर साखर घेऊन तुझ्या तोंडापाशी आलं, आन् तू मान फिरवलीस! "मला चालत न्हाई," म्हनून बसून ऱ्हायलास. माझं नाव तरी घ्यायचंस की! का न्हाई घेतलंस रे?

अक्काची सासू अजून टोचती, "तुमच्या आज्ज्याला आमची साखर कडू लागली व्हय?" अक्का खाली मान घालून ऐकती. आन् मी? मला वाटाय लागलेलं, असंल बी ते हाडाचं खरं. तसं वाटलं की बरं वाटायचं. आज तेबी गेलं!

तू मरस्तवर फिका चहा प्यालास, आज्जा. माझ्या एका चेष्टेपायी!

रविवारी पयल्या जीपनं गुंदला जातोय. अक्काच्या अंगणात, सासूसमोर, सगळं सांगनार. सासूनं झाडू उचलला तरी पळनार न्हाई. आन् झाडू ठेवून तिनं चिमूटभर साखर दिली, तर ती तुझ्या वाटची म्हनून खाईन.

ह्या बारीला खरं बोलतोय. "व्हय रं?" म्हन की एकदा!

तुझा आगाऊ नातू,
सद्या