भुयारातल्या सासूबाई

ती. निवेदिताताईस,
सुचिताचा वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल लावतेस ना? साखरखेर्ड्याची सगळी मंडळी खुशाल असतील असं धरून चालते, कारण तू फोनवर काही सांगत नाहीस.

इकडचं ऐक. आमच्या स्टेशनाखालचा भुयारी रस्ता तुला आठवत असेल (मागल्या वेळी तू नाकाला पदर लावून पळाली होतीस). अंधार, ओल, पानाच्या पिचकाऱ्या, आणि वळणावरच्या कोपऱ्याची तर पुरुषमंडळींनी मुतारीच करून टाकलेली. बायका त्यापेक्षा रूळ ओलांडायच्या. मध्यंतरी भिमाबाई पेरूवाली टोपलीसकट मालगाडीखाली जाता जाता वाचली. तेव्हा गावातल्या उत्तमरावांच्या मंडळानं ठरवलं, वळणावरच्या भिंतीवर फुटक्या टाईल्सचं चित्र करायचं. मी चित्रकलेची शिक्षिका, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मलकापूरहून टेम्पोभर तुकडे आणले. काढायची होती कापूस वेचणारी हसरी बाई. पण टाईलला हसवणं सोपं नाही गं. भुवईला काळे तुकडे अंमळ जास्त झाले, ओठ खाली वळले (सिमेंट एकदा वाळलं की कोणाचं ऐकत नाही), आणि उद्घाटनाला पडदा सरकवला तर भिंतीवरून थेट माझ्या सासूबाई बघत होत्या.

गावानं ओळखलं आणि पोट धरून हसलं. ह्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. उत्तमराव म्हणाले, तोंड फोडून नवं करू. हे कानावर येताच सासूबाई काठी टेकत भुयारात उतरल्या. मी आणि उत्तमराव मागे. त्या स्वतःसमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक गृहस्थ सवयीनं कोपऱ्याकडे वळले, आधी भिंतीवरच्या बाईकडे पाहिलं, मग खाली उभ्या सासूबाईंकडे, आणि आल्या पावली परतले.

सासूबाई उत्तमरावांना शांतपणे म्हणाल्या, "फोडता काऊन? मी कोणाले काही म्हणून राह्यली का?"

तेव्हापासून तो कोपरा कोरडा आहे. बायका भुयारातून जातात, भिमाबाई तर पेरू घेऊन तिथंच बसते. सासूबाई रोज जाऊन आपल्या गालावरची धूळ पदरानं पुसून येतात, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे मला 'आमची सुचिता' म्हणतात (लग्नानंतर पहिल्यांदाच).

थोरांना नमस्कार, लहानांना पापे.
तुझी,
सुचिता

ता. क. : समोरचा कोपरा अजून ओलाच आहे. तुझ्या सासूबाईंचा, झुंबरबाईंचा, एक फोटो पाठव. तुझ्यावर चिडलेल्या असतानाचा असला तर उत्तम.

आणखी ता. क. : पत्र आमच्या सासूबाईंनी वाचलं. फोटोला त्यांची हरकत नाही. फक्त म्हणाल्या, "तिचं तोंड माह्यापेक्षा लहान कर."