सूनबाईच्या गाडीचा आवाज

दिंद्रुड, ता. माजलगाव

शिरूर कासारचे आमचे व्याही रामप्रसादराव यांना उत्तरेश्वरचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडं आमी सगळे बरे हाव. तुमचा गुडघा काय म्हणतोय? मंजुळा विहीणबाईंना आमच्या हिचा नमस्कार सांगा. अन् वाचताना राग आला तर आधी घोटभर पाणी प्या, पण पत्र फाडू नका. लई मेहनतीनं लिहायलोय (फोन तर तुमी दिवाळीपासून उचलंनात).

तर ज्यावरून तुमी दिवाळीला रुसलात तेच झालं, तुमच्या मनाविरुद्ध तुमची लेक गाडी पळवून आली. रस्त्यावर न्हाई हो! पुण्याच्या पलीकडं वळणावळणाचा एक ट्रॅक हाय, तिथं हौशी माणसं आपापली गाडी घेऊन जातात. समोरून कुणी येत न्हाई, म्हैस आडवी येत न्हाई. शर्यत पण न्हाई, ज्यानं त्यानं आपलं चालवणं सुधारायचं. त्यासाठी दिपालीनं तीन महिने अभिमन्यूची जुनी गाडी तयार केली. ब्रेकचं तेल बदललं, चाकाचे नट मोजून आवळले, टायरवरचे आकडे वाचून ते कोणत्या साली बनलेत ते सांगितलं. (मी चाळीस वर्षं गाड्या वापरायलो, टायरला जन्मतारीख असती हे मला सुनेकडून कळालं.) टायरात हवासुद्धा जरा कमीच ठेवायची, कारण पळून तापले की हवा आपोआप वाढती म्हणं. आमचा अभिमन्यू इतका हुशार कधी झाला न्हाई, हे बाप असून कबूल करतो.

आता माझी करणी ऐका. दिपाली कामासाठी दोन दिवस आधीच पुण्याला गेलती, अन् गाडी तिथं पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. एवढी तयार केलेली गाडी अन् आवाज मात्र शिवणाच्या मशिनीएवढा, हे काही मला पटंना. आपल्याकडं जोराची गाडी गल्लीत शिरायच्या आधी गावाला कळती. म्हणून बद्रीनाथ मिस्त्रीला सांगून जुना सायलेन्सर काढला अन् मोकळा पाईप बसवून घेतला. काय गर्जायली गाडी! बीडपासून पुढं माणसं वळून बघायली. वर ट्रॅकच्या दारात पोचल्यावर चारी टायरांना, लग्नाच्या गाडीला लावतात तसं, चमकायचं पॉलिश चोपडलं. सूनबाई खूश होईल असं वाटलं.

आत दिपाली वाट बघायलती, अन् तिथंच एक पोरगा आवाज मोजायचं मीटर घेऊन उभा. त्यानं ते पाईपापासून अर्ध्या मीटरवर धरलं अन् गाडी रेस करायला सांगितली. तिथं हद्द पंचाण्णवची. आमची गाडी एकशे बारा. म्हणला, ही आत जाणार न्हाई. शिवाय टायरवर बोट फिरवून म्हणला, ह्या तेलकट टायरांवर तर पहिल्याच वळणाला घसरून मातीत जाल. दिपालीची पाळी अकराला, घड्याळात दहा वाजलेले. तीन महिन्यांची पोरीची हौस मी माझ्या हातानं बुडवली होती.

रामप्रसादराव, तिनं एक वाकडा शब्द काढला न्हाई. "मामा, तुमी जरा त्या सावलीला बसा," एवढंच म्हणली. तिथला नियम असा की गाडीत सुटी वस्तू ठेवायची न्हाई. जॅक काढला, पायपुसणी काढली, डॅशबोर्डवरचा गणपती माझ्या मांडीवर दिला, अन् डिकीच्या तळाला गोणपाटात गुंडाळलेला जुना सायलेन्सर निघाला. (भंगारात घालायला मीच ठेवलता. माझा चिकटपणा जन्मात पहिल्यांदा कामी आला.) पोरगी तापल्या फरशीवर उताणी झोपली अन् पाऊण तासात सायलेन्सर जागेवर. मग साबणाच्या पाण्यानं चारी टायर घासले. मीटर परत धरलं तर एक्याण्णव! मी गणपतीसकट उठून नाचलो.

अन् मग तिनं काय गाडी चालवली म्हणून सांगू! लाखालाखाच्या टायरांच्या गाड्या वळणावर किंचाळायल्या, अन् आपली जुनी डबी सुतात धरल्यावानी त्यांच्या आतून निघायली. तापल्या ब्रेकावर हँडब्रेक ओढायचा नसतो म्हणं, तर ती थांबल्यावर चाकामागं दगड मी लावला, उसाच्या ट्रॉलीला लावतात तसा. तेवढं एक काम मला न सांगता जमलं. एका मोठ्या गाडीवाल्यानं तिला विचारलं, हे कुठं शिकलात? ती म्हणली, "वडलांकडं. ट्रॅक्टरवर." माझे डोळे भरून आले, खोटं कावून बोलू?

कळावे,
आपला चुकलेला पण फुगलेला व्याही,
उत्तरेश्वर

ता.क. शेवटच्या फेरीला तिनं मला हेल्मेट घालून शेजारी बसवलं. लई मजा आली असं मी गावभर सांगितलंय. खरं म्हणजे पहिल्या वळणापासून माझे डोळे मिटलेले होते. पुढच्या खेपेला ती जागा तुमची, मी काही परत बसत न्हाई.

ता.क. दुसरा. ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहूनच गेलं. तिथं एक फॉर्म भरावा लागतो. काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, त्या रकान्यात तिनं तुमचा नंबर टाकला. मी म्हणलं, अगं, ते तुझा फोन उचलत न्हाईत. तर म्हणली, "मामा, त्या फोनला उचलतील." रविवारी सकाळी ती तुमाला फोन करणार हाय. काही झालेलं न्हाई. तरी उचला.